तड्याचं टोक

रेल्वेच्या पूलदुरुस्तीच्या टोळीत त्याला सगळे घारदादा म्हणत, कारण पोलादातला केसाएवढा तडाही त्याच्या नजरेतून सुटत नसे. वर्षानुवर्षं गाड्यांचे हादरे खाऊन लोखंडही दमतं आणि तडकतं. तडा जिथे संपतो नेमकं तिथे गोल भोक पाडलं, की तो पुढे सरकत नाही. टोक चुकलं, की केलं-सवरलं पाण्यात. लाल औषध लावून पुसायचं, वर पांढरी पूड फवारायची, की तड्याची लाल रेघ उमटते. तिचं टोक दादानं दाखवायचं आणि ड्रिलही त्यानंच चालवायचं.

दोन वर्षांपूर्वी ती रेघ पुसट दिसू लागली. औषधच भेसळीचं, असं दादानं ठरवून टाकलं. स्वतःला फसवायला माणसाला बाहेरचा लबाड लागत नाही. बायको मात्र फसली नाही. कपाबाहेर चहा ओतताना तिनं त्याला दोनदा पकडलं.

"अहो, डोळे दाखवून घ्या."

"निवृत्तीला चार महिने राहिलेत. आता घारीचं घुबड करतेस का माझं?"

ती हसली नाही.

एका दुपारी तो पुलाखाली बांधलेल्या परांचीवर बसून आपलंच जुनं भोक तपासत होता. दिसेना, म्हणून नख फिरवलं. भोकाच्या पुढे नख अडकलं. तडा भोकाला बगल देऊन दोन बोटं पुढे गेला होता. गुपचूप दुसरं भोक पाडलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. सांगायला लाज वाटते, पण दादानं ड्रिल उचललंही.

तेवढ्यात डोक्यावरून प्रवासी गाडी गेली. तुळईवर टेकलेल्या त्याच्या बोटाखाली तडा प्रत्येक चाकासरशी उघडत होता, मिटत होता. दादानं ड्रिल खाली ठेवलं. त्यानं कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनीअर बाईंना हाक मारली.

"बाई, हे भोक चुकलंय. माझंच आहे."

बाईंनी भिंगातून पाहिलं. "तुमच्याकडून चुकलं, दादा?"

"मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

दोन वर्षांत त्यानं पाच पुलांवर काम केलं होतं. बाईंनी भिंग खाली घेतलं.

"मग टोक कसं दाखवत होतात?"

"अंदाजानं."

बाईंनी फोन लावला आणि गाड्या थांबवा म्हणून एकेका पुलाचं नाव सांगू लागल्या. तिसऱ्या नावाला पलीकडून उत्तर आलं, की तिथे गाडी आत्ताच पुलावर चढली आहे. दोघंही ती उतरायची वाट पाहत राहिले.