सुषमाताईंच्या वहीतली सही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी कांदे महाग आणले तरी सांगून टाकतो. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. पण आज सांगतो.

आमचं काम ऐकायला रुक्ष. एका मोठ्या संस्थेतल्या लोकांचे बदलीचे अर्ज संगणकावर या टेबलावरून त्या टेबलावर जातात. तो सगळा मार्ग म्हणजे एक अ‍ॅप. नियम बदलले की अ‍ॅपचं नवं व्हर्जन येतं, पण आधीचे अर्ज जुन्यातच चालत राहतात. ते सगळे निकाली निघाले, की ते रिकामं व्हर्जन आम्ही काढून टाकायचं. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची आणि एंटर. ‘नक्की का?’ असं ती स्क्रीन विचारत नाही.

म्हणून सुषमाताई विचारायच्या. त्या माझ्या सीनियर, बारा वर्षं त्याच खुर्चीत. मॉनिटरवर स्वतःच्या अक्षरातली पाटी — ‘येथे “बहुतेक” हे उत्तर चालत नाही.’ पक्क्या पुण्याच्या! पद्धतही त्यांचीच. त्या व्हर्जनचा नंबर मोठ्याने वाचणार, मी यादीत बघून त्यात किती अर्ज उरलेत ते सांगणार, मग त्या एंटर दाबणार. वहीत तशी ओळ लिहून माझी सही घेणार.

त्या दुपारी — नुकतंच जेवण झालेलं — त्या वाचत होत्या. “सतरा?” शून्य. “अठरा?” शून्य. “एकोणीस?”

मोबाइल माझ्या मांडीवर होता. रविवारी खडकवासल्याला भजी खायला कोण कोण येणार, याची ग्रुपवर मोजणी चालली होती. यादीकडे मी — पाहिलंच नाही. “शून्य,” म्हणालो. सहीही ठोकली.

एकोणीसमध्ये त्रेसष्ट अर्ज होते. व्हर्जनबरोबर तेही पुसले गेले, परत मिळाले नाहीत. त्रेसष्ट माणसांना नव्याने अर्ज करून रांगेच्या शेवटी उभं राहावं लागलं. त्यांत एक बाई आजारी आईजवळ जायला मिळावं म्हणून वर्षभर थांबलेल्या होत्या.

एवढ्यावर थांबलो असतो, तर फार तर निष्काळजी ठरलो असतो. पण मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, एकोणीसची खात्री कोणी केली? मला कायम व्हायला दोन महिने उरले होते. मी म्हणालो, “मॅडमनी मला विचारलंच नाही.”

किती सहज आलं ते तोंडातून! वही सुषमाताईंच्या मांडीवरच होती. मला वाटलं — आता उघडतील, आता उघडतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वहीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “एंटर मी दाबलं. जबाबदारी माझी.”

का नाही उघडली? माझी दया आली, की किळस? मी कधी विचारलं नाही.

त्यांना हेल्पडेस्कवर फोन घ्यायला बसवलं. चार महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. “राहू दे तुझ्याकडे,” एवढंच म्हणाल्या. मी कायम झालो, त्यांची खुर्चीही मला मिळाली. पुढे एकदा त्या मंडईत मेथी निवडताना दिसल्या — तर त्या जाईपर्यंत मी नारळवाल्याच्या आड उभा राहिलो. चांगला मोठा बाप्या!

आता काम घरूनच. बायको तिच्या ऑफिसला जाते, दिवसभर फ्लॅटमध्ये मी एकटा. व्हर्जन काढायची वेळ आली की नंबर मोठ्याने वाचतो. सवय, दुसरं काय? समोरून उत्तर येत नाही. यादी मीच बघतो, पुन्हा बघतो. फार एकटं वाटतं तेव्हा — पण ते कोणाला सांगायला मला तोंड नाही.

वही कपाटात आहे. एकोणीसच्या ओळीत त्यांचं अक्षर आहे — ‘विचारले. उत्तर : शून्य.’ आणि त्यापुढे माझी सही.