चुनीलालचा शेवटचा रकाना

तापीकाठच्या त्या साखर कारखान्यात फ्रिजएवढा एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्या मनातलं ओळखणारा एकच माणूस, चुनीलाल पाटील. बत्तीस वर्षं दोघांचा संसार सुरळीत चालला होता. दोघेही फारसं बोलत नसत, म्हणूनही असेल.

गळीत हंगामाला आठ दिवस उरले असताना ऊस-नोंदणीची फाइल नव्या सिस्टिममध्ये न्यायला नाशिकहून संध्या आली. जुन्या फाइलीत एकेका शेताची माहिती एकाच लांब ओळीत ठासलेली. नाव कुठे संपतं नि गाव कुठे सुरू होतं, हे फक्त चुनीलालला ठाऊक. नव्या सिस्टिमला मात्र प्रत्येक रकान्याचं नाव, लांबी, अर्थ, सगळं लेखी हवं.

"काका, शेवटचा रकाना कागदावर रिकामा आहे, पण आत एकेक अक्षर सापडतंय. कचरा दिसतो. उडवते."

चुनीलालने चहाचा कप खाली ठेवला. तो कचरा त्यानेच, कुणालाही न विचारता, भरला होता. कबूल करावं तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी. गप्प बसावं तर पहिल्याच दिवशी ट्रक कोरीट गावाकडच्या नाल्यात रुतणार आणि सातपुड्यातून बायकापोरांसह उतरलेली डोंगरसिंगची तोडणी टोळी दिवसभर कामाविना बसणार.

"नको उडवू, पोरी," तो म्हणाला. "एन म्हणजे वाटेत नाला. बी म्हणजे बैलगाडीच जाते. के म्हणजे कुत्रं सुटं असतं."

"आणि व्ही?"

"मालक वाद घालतो."

संध्या हसत सुटली. "राहू दे सगळं. फक्त शेतकी अधिकाऱ्यांची सही आणा."

शेतकी अधिकारी रतिलाल म्हणजे चुनीलालच्या बहिणीचे यजमान. चुनीलाल आणि संध्या समोर उभे असताना त्यांनी यादी वाचली, मान डोलावली आणि कोरीटच्या स्वतःच्या शेतापाशी थबकले.

"चुनी, मन्हा नावपुढे व्ही?"

"जुनी नोंद शे, दाजी."

"मी कव्हय वाद घालस?"

आपण वाद घालत नाही, हे त्यांनी पुढचा अर्धा तास टेबल आपटून सिद्ध केलं. घसा कोरडा पडल्यावर म्हणाले, "मागला साले ट्रक मन्हाच बांधजोडे रुतना. व्ही काढ, एन टाक."

"काढायला कशाला हवं?" संध्या म्हणाली. "नव्या रकान्यात तीन अक्षरांची जागा केलीय. दोन्ही मावतात."

दाजींनी सही केली. मात्र त्याआधी, एन पुढे की व्ही पुढे, यावर आणखी पाव तास गेला.