सायकलीच्या रस्त्याचा चौकीदार

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाने सायकलींसाठी गुळगुळीत लाल रस्ता केला आणि त्यावर सायकली येऊ नयेत म्हणून एक चौकीदार ठेवला. निदान माझा तरी तसाच समज झाला.

मी रोज सकाळी कॅरिअरवर भाजीची टोपली बांधून सायकलने बाजारात जाते. मला पाहिले की तो शिट्टी वाजवतो. मग ती तोंडातून काढून सदऱ्याला पुसतो आणि म्हणतो, "ओ बाई, तुमची सायकल कामाची हाय. हा रस्ता व्यायामाचा हाय."

व्यायामवाले रविवारी येतात, सायकल मोटारीवर बांधून. त्यांना तो सलाम करतो. बाकीचे सहा दिवस रिकाम्या रस्त्यावरची पाने वेचतो. मी मान खाली घालून कठड्यापलीकडच्या ट्रकांच्या रस्त्याला लागते.

काल ट्रक इतका जवळून गेला की मी सायकलसकट पडले. मेथी रस्ताभर झाली. तो कठडा ओलांडून धावत आला. शिट्टी वाजवून त्याने ट्रक थांबवले, एकेक जुडी झटकून टोपलीत रचली. मला वाटले, आज तरी आत घेईल. त्याने माझी सायकल ट्रकांच्याच रस्त्यावर नीट उभी करून दिली.

मी पहिल्यांदाच त्याच्यापुढे तोंड उघडले. "भाऊ, तुमी ड्यूटीवर कोन्या रस्त्यानं येता?"

"याच रोडनं," तो म्हणाला. "मायी बी सायकल कॅरिअरचीच हाय ना वो बाई. मले कोन जाऊ देईन तिकून?"