मान नको, तिकीट द्या

"उठू नका रे. तुम्ही उठलात की बोलणं संपतं."

आमच्या अंबरपेठेतल्या बाईंचं हे ठरलेलं वाक्य. जामबागेतल्या शाळेत त्यांनी अर्ध्या वस्तीला गणित शिकवलेलं. त्यामुळे त्या जातील तिथे पन्नाशीची माणसंसुद्धा खुर्ची सोडून उभी राहत. असा मान तुम्हीही पाहिला असेल. मी चळवळीतली; माझ्या पत्रकांत त्याला सरंजामी कावा म्हणत असे. बाई म्हणत, "तुझ्या पत्रकात विशेषणं फार. नळाला पाणी कधी येतं, ते लिही."

निवृत्तीनंतर बाई एका पक्षाचं काम करू लागल्या. दारोदार फिरायचं ते बाईंनी. निर्णय मात्र संध्याकाळी चौकातल्या इराणी हॉटेलात, पुरुषांच्या टेबलावर व्हायचे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा बाई मला घेऊन थेट तिथेच गेल्या. सगळं टेबल उभं राहिलं.

"बसा. तिकीट मला हवंय."

वॉर्डाचा अध्यक्ष त्यांचाच विद्यार्थी. हात जोडून म्हणाला, "टीचर, आप हमारे अम्मा जैसे. ये गंदगी में आपको कैकू डालना?"

"अम्माने गंदगी उपसलेली चालते ना रे तुम्हाला?"

सगळे हसले. चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली, बाईंच्या गुडघ्यांची चौकशी झाली. तिकीट अध्यक्षाच्या बायकोला गेलं. बाईंना भर सभेत शाल मिळाली. ती पांघरूनच त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला.

त्या संध्याकाळी आम्ही हॉटेलात शिरलो, तर कुणीच उठलं नाही. एकाने चक्क पाठ फिरवली. मी खवळले. बाई हळूच म्हणाल्या, "गप्प बस. आत्ता कुठे मला उमेदवार समजायला लागलेत." आणि खुशीत चहा मागवला.

त्या हरल्या.

बाई जाऊन आता वर्ष होईल. मला आठवते ती निकालाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी निषेधाचं पत्रक लिहीत होते आणि बाई तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन निघाल्या होत्या, अध्यक्षाच्याच घरी. मीही मागोमाग गेले. दारात तोच.

"बोलो टीचर, क्या काम है?"

"तुझ्याशी नाही. नगरसेविकेला बोलाव. मतं तिला पडलीत."

"वो अंदर काम में है."

"मग थांबते." बाई पायरीवर बसल्या.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, पिठाचे हात पदराला पुसत. आधी नवऱ्याकडे पाहिलं. बाईंनी सरकून पायरीवर जागा केली.

ती बसली.