रेबेकाबाईंचा लांबलेला शुक्रवार

रोह्याच्या रेबेकाबाईंना कुणी हट्टी म्हटलं की त्या खूशच व्हायच्या. नात तामार पाळण्यात होती तेव्हाच त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, हिच्या लग्नाचा मलिदा मी करणार. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि वर फळं. त्यावर प्रार्थना झाल्याशिवाय त्यांच्या ज्यू लोकांत शुभकार्य उभंच राहत नाही. आता मुलगा एझ्रा संसार घेऊन इस्रायलात लोदला राहिला, म्हणून काय झालं? पोहे रोह्याचेच हवेत, तेही नव्या भाताचे.

लग्न रविवारी, आणि गुरुवारचं विमान ऐन वेळी रद्द झालं. मिळालं ते शुक्रवार सकाळचं. हे कळताच पेणहून दीर मोझेस तातडीने आले. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. मग ना प्रवास, ना चूल, ना फोन. आजेसासऱ्यांचा तेलाचा घाणासुद्धा शनिवारी कधी फिरला नव्हता. चार हजार किलोमीटर वाट, आठ तासांचं उड्डाण. म्हणजे इथे दिवेलागण होईल तेव्हा वहिनी आभाळात लटकलेल्या, असं मोझेसनी सुनावलं. जन्मभर पाळलेलं मोडायचं, की पोरीला दिलेला शब्द? त्यांनी पोह्यांची पिशवी गुपचूप फडताळात ठेवली.

ठेवता ठेवता हात थांबला. दर शुक्रवारी त्या शब्बाथच्या दिव्याला काडी लावणार तेवढ्यात तामारचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि तिच्या मागे दोरीवरचे कपडे लख्ख उन्हात वाळत असायचे. इतकी वर्षं बघूनही डोक्यात उजेड पडला नव्हता.

"भावजी, शब्बाथ सूर्याचा हाय, रोह्याचा नाय," त्या म्हणाल्या. "आन् मी सूर्याच्याच मागनं चाललेय."

"येळेत पोचलात तर खरं," मोझेस म्हणाले.

शुक्रवारी विमान उडायलाच तासभर उशीर झाला. बाई खिडकीशी बसल्या आणि सूर्यावर असा डोळा ठेवला, जसा उतू जाणाऱ्या दुधावर ठेवतात. पण सूर्य काही हातचा गेला नाही. विमानतळावर एझ्राने पिशव्या ओढल्या, गाडी पळवली, आणि बाईंनी दिवा लावला तेव्हा समोरच्या गच्चीवर अजून ऊन होतं. त्या दिव्यापुढे बाई रडल्या, आणि हसल्याही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तसा त्यांचा फोन वाजू लागला. पडद्यावर मोझेसचं नाव. रोह्या-पेणला चांदण्या दिसल्या, तिकडचा शब्बाथ सुटला, आणि काळजीने वाट बघत असलेल्या दिराने पहिलं काम हेच केलं होतं. मोझेस आजोबा घाबरले असतील, असं तामार पुटपुटली. बाईंनी हात पदरात घेतले.

"वाजू दे गो. आपला शब्बाथ अजून हाय. मी फोन उचलत नाय, म्हंजे येळेत पोचले, हे त्यांना बरोबर कळंल."

फोन दोनदा वाजला आणि तिसऱ्यांदा वाजलाच नाही. अंधार पडल्यावर पोहे भिजवायचे होते. तोवर बाई अंगणातल्या उन्हात ऐटीत बसून राहिल्या.