तुरुंगात न्यायची चटणी

इथं परमुलखात शेजारी मिरच्या भाजल्या की कोल्हापूरची खानावळवाली मावशी आठवते. चौथीत शाळा सोडलेला मी, मोठा झाल्यावर चंदगडाहून तिथं हमालीला गेलेलो. मी उचललेल्या कुणाच्या तरी पोत्यात गांजा सापडला आणि शिक्षा मला झाली. मावशीनंच जामीन राहून अपील करायला लावलं. निकालादिवशी कोर्टाच्या आवारात तिनं कांदा-लसूण चटणीची बरणी माझ्या हातात दिली. "अपील फेटाळलं तर आत घिऊन जा. तिथलं जेवाण मिळमिळीत असतंय म्हणं." जज्जसाहेबांनी निर्दोष म्हटलं, तरी माझा विश्वास बसेना. बाहेर येताच मावशी म्हणाली, "सुटलास न्हवं? मग आण ती बरणी हिकडं, खानावळीतली चटणी संपलीया." मी सुटलोय, हे मला तेव्हा पटलं, आजही निकालाच्या कागदापेक्षा तिनं बरणी परत मागण्यावरच माझा जास्त भरवसा आहे.