खुर्चीतला आवाज

आवाज काढायची माझी जुनी खोड. तालुक्याच्या शाळेत असताना हेडसरांच्या आवाजात माईकवरून घोषणा करून मी अख्खी शाळा दोन तास आधी सोडली होती. मार मलाच पडला, पण सुटलेली शाळा परत भरली नाही. अमेरिकेत आल्यावर मॅनेजरचा आवाज काढतो, फक्त आधी म्यूट चेक करतो.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो, त्या बाई त्रिनिदादच्या. सत्तरी ओलांडलेली, एकट्याच असतात. त्यांच्या बेटावर पण मोठ्या बाईला आंटीच म्हणतात, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

त्यांचे मिस्टर शिकागोतल्या एका छोट्या ब्लॅक रेडिओ स्टेशनवर दर रविवारी सकाळी मयताच्या बातम्या वाचायचे. बेटांवरची पद्धतच तशी. सुरुवातीला गेलेल्या माणसाचं नाव, मग टोपणनाव, मग मुलं, नातवंडं, शेजारी, सगळ्यांची नावं रेडिओवर. पुढे मिस्टर गेले, स्टेशन बंद पडलं. घरात एकच कॅसेट उरली होती आणि तुटेल म्हणून आंटींनी ती सहा वर्षं लावलीच नव्हती.

मग सिटीतल्या एका लायब्ररीत एका आर्टिस्ट बाईंनी साउंड आर्टचं प्रदर्शन ठरवलं. नुसत्या लाकडी खुर्च्या. बसलं की पाठीमागून जमैका, हैती, बार्बाडोसच्या जुन्या रेडिओवाल्यांचा आवाज येणार, एका खुर्चीत एक. आंटींनी कॅसेट दिली. ऑडिओ साफ करायचं काम मी मागून घेतलं. आंटींचं म्हणणं एवढंच होतं की पहिल्यांदा त्या ऐकतील ते त्याच खुर्चीत बसून.

कॅसेट मध्येच खराब झाली होती. नातवंडांची नावं सुरू झाली की नऊ सेकंद नुसती खरखर. रेकॉर्डिंगच्या दिवशी मिस्टरांनी वाचलेला कागद मात्र कॅसेटच्या डबीतच घडी करून ठेवलेला होता. तोवर मी चाळीसेक वेळा ऐकलं असेल. त्रिनिदादचं इंग्लिश गाण्यासारखं वरखाली होतं, ते जिभेवर बसलं होतं यार. आवाज खोलीत घुमू नये म्हणून डोक्यावर ब्लँकेट घेतलं, ती नऊ सेकंद मी वाचली आणि चिकटवून टाकली. आर्टिस्टला पण कळलं नाही. मी दोन दिवस स्वतःवर खूश होतो.

ओपनिंगला बर्फ पडत होता. आंटी चर्चची हॅट घालून माझ्याबरोबर ट्रेनने आल्या. खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. नातवंडांची नावं आली आणि त्यांनी माझा हात धरला.

"ऐकलंस? पोरांची नावं घेताना आवाज असा मऊ व्हायचा बघ त्यांचा. मी विसरलेच होते."

मऊ झालेला तो माझा आवाज होता.

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. परतीच्या ट्रेनमध्ये त्या तेच परत परत सांगत होत्या, शेवटी मला राहवलं नाही. मी सांगितलं. वाटलं होतं थोबाडीत मारतील. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, आमचं स्टेशन येईपर्यंत.

घरी आल्यावर कोटही न काढता त्यांनी किचनच्या टेबलावर माझा लॅपटॉप मागवला. पहिल्यापासून लाव म्हणाल्या. पहिलं वाक्य होताच त्यांनी थांबवलं.

"हे ते, की तू?"

"ते, आंटी."

दुसरं वाक्य. परत तोच प्रश्न. मी सांगत होतो की माझी फक्त नऊ सेकंद आहेत, बाकी सगळं त्यांचंच आहे, आईची शपथ. आंटी म्हणाल्या, "शपथेचा आवाज पण काढता येत असेल तुला."

ओरिजिनल कॅसेट ऐकवतो म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या की ती पण महिनाभर तुझ्याकडेच होती.

रेकॉर्डिंगच्या शेवटी मिस्टर दर रविवारसारखं म्हणतात, ज्यांच्या घरी आज कोणी रडतंय त्यांनी आधी थोडं खाऊन घ्यावं. हे वाक्य आंटींनी तीन वेळा लावलं. तिन्ही वेळा तोच प्रश्न. चौथ्यांदा लावलं, तेव्हा विचारलंच नाही.

"मला आता ओळखू येत नाही," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून आर्टिस्टला ती खुर्ची काढायला सांगितली.